ठेल्यावरचे साहेब

त्या दिवशी गल्लीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारी मनानं रचतेय. मी होते. माझी मुलगी वंदना होती, तिची इस्पितळातली ड्यूटी दुपारची होती म्हणून सकाळी घरी होती. तिची पोरगी गुड्डी होती, शाळेच्या कपड्यात, एका पायात मोजा आणि दुसऱ्यात नाही. रामसजीवन पंक्चरवाला होता. साहेबांची बायको होती, तिला मी बाई म्हणायचे. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतच होती, पण होती. नगर निगमचा ट्रक होता, त्यातली माणसं होती आणि त्यांचा एक चष्मेवाला बाबू होता. एक गाय होती, ती रोज माझ्या कोथिंबिरीवर टपून असायची. आणि साहेब होते. साहेब असले की बाकीच्यांना मोजायचं कारण नाही, असं साहेबांचं म्हणणं असायचं. म्हणून मी बाकीचे आधी मोजून घेतले.

हे आत्ताच का काढलं, तर गुड्डीमुळं. ती आता कॉलेजात जाते, माणसाच्या मनाचं शिकते. परवा पुस्तक घेऊन माझ्या पोह्यांच्या ठेल्याशी बसली आणि म्हणाली, "आजी, कोई ऐसा इंसान बताओ जिसको अपने आप से बहुत ज़्यादा प्यार हो. उसके फायदे भी लिखने हैं, नुकसान भी." तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघतं. मी कांदा चिरत होते. म्हणाले, लांब कशाला शोधतेस, वर बघ. तिनं वर बघितलं. वर ठेल्याचा बोर्ड आहे आणि बोर्डावर साहेब आहेत.

"अरे हाँ यार," ती म्हणाली.

मग मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एकच म्हणाले, नाव लिहायचं नाही, माणूस आता नाही. तिनं लिहिलं नाही. साहेबांना मात्र याचाच राग आला असता. वाईट लिहायचं तर लिहा, म्हणाले असते, पण नाव मोठ्या अक्षरात येऊ द्या.

मी साताऱ्याकडची, माणदेशातली. चौथीपर्यंत शिकले, पुढं पाणी लांबून आणायला लागायचं आणि धाकटी भावंडं होती, त्यामुळं शाळा राहिली. नवरा फौजेत नाईक होता. शेवटची बदली लखनौला झाली, इथंच पेन्शनीत निघाला, आणि जानकीपुरमला औषधांवर संशोधन करतात तिथं गेटवर गार्ड लागला. एका सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी त्याला घेऊन आले. छातीत कळ आली होती. गावाकडं दिरांनी सांगितलं, जागा नाही. जागा होती, पण त्यात दीर राहत होते. त्याच वर्षी वंदनाच्या नवऱ्यानं तिला तान्ह्या गुड्डीसकट माझ्याकडं आणून सोडलं आणि रिक्षा न सोडताच परत गेला. रडायला सवड नव्हती, असं नाही. पण रडून झालं की भूक लागते, ते मी आधी एकदा बघितलं होतं.

पोहे मला येतात. ठेला रामसजीवननं जुना मिळवून दिला, चाकं त्यानंच बसवली. पण लावायचा कुठं? ज्याच्या फाटकासमोर उभी राहीन तो म्हणायचा, "अम्मा, आगे बढ़ो." पुढं जाऊन जाऊन मी साहेबांच्या कोपऱ्यावर आले. मोठं घर, कडुनिंबाची सावली, आणि संशोधनवाल्या पोरापोरींचा रस्ता तिथूनच. शिवाय घर मराठी माणसाचं. मला वाटलं, आपला माणूस आहे.

साहेब नागपूरकडचे. रेल्वेत मोठे इंजिनिअर होऊन रिटायर झालेले. उंच, मिशा काळ्या केलेल्या, घरातसुद्धा बूट. मी हात जोडून सांगितलं, विधवा बाई आहे, पदरात मुलगी आणि नात आहे, फाटकाच्या कडेला जागा द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं माझ्याकडे आलात. माणूस बरोबर निवडलात." आणि आत गेले. जागेचं काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची हकीकत सांगितली. तिसऱ्यांदा गेले तर फाटक बंद.

मी परत निघाले तर बाईंनी खिडकीतून हाक मारली. बाई म्हणजे बारीकशी, हळू बोलणारी. बोलताना आधी मागं वळून बघायची. म्हणाली, "वंदनाची आई, तुम्ही जागा मागताय. जागा नका मागू. त्यांचा फोटो मागा."

"फोटो कशाला?"

"ठेल्यावर लावायला. जागा आपोआप येईल."

मी चौथ्यांदा गेले. म्हणाले, साहेब, जागेचं राहू द्या. मला ठेल्यावर लावायला तुमचा एक फोटो मिळेल का, लोकांचा विश्वास बसेल. साहेब खुर्चीत सरळ झाले. मला म्हणाले, "बसा." त्या घरात मला कुणी बसा म्हटलं ते पहिल्यांदा. मग दुपारभर फोटो निवडणं चाललं. कपाटातून, पेटीतून, भिंतीवरून. प्रत्येक खोलीत त्यांचे फोटो होते. बाईचा असा एकटीचा एकही नव्हता. एकात ती होती, नैनीतालचा होता तो, पण साहेबांच्या खांद्यामागं. निम्मा चेहरा, एक डोळा आणि एक कुडी.

जागा तर मिळालीच, बोर्डही त्यांनीच करून आणला. साहेबांचं हे एवढं तोंड, हात जोडलेले, खाली हिंदीत 'असली मराठी पोहा' आणि त्याच्याखाली त्याहून मोठं 'मार्गदर्शक' आणि त्यांचं नाव. माझं नाव कुठंच नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. पोहे खाताना कुणी नाव वाचत नाही. पण गल्लीत गोंधळ झाला. अर्ध्या लोकांना वाटलं कुणी नेता निवडणुकीला उभा आहे. बाकीच्यांना वाटलं माझा नवरा वारला आहे आणि हा त्याचा फोटो. एक बाई तर रोज झेंडूचं फूल ठेवून जायची. साहेब तिच्यावर भडकले. मला वाटलं, परक्या बाईचा नवरा म्हणवून घेतलं म्हणून भडकले. तसं नव्हतं. मला म्हणाले, "हवालदारीणबाई, ती 'अच्छे आदमी थे' म्हणाली. 'थे' काय म्हणून?"

हवालदारीणबाई म्हणजे मी. माझा नवरा नाईक होता हे मी त्यांना लई वेळा सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या फाटकाशी नाईकाची बायको बरी दिसत नाही." असं त्यांनी माझ्या नवऱ्याला मेल्यावर बढती दिली. फौजेनं दिली नव्हती.

त्यांचं एक वाक्य होतं. "मी स्वतःची स्तुती करत नाही. मी फक्त माहिती देतो." आणि दुसरं, "मला गर्व नाही, ही माझी सगळ्यात मोठी गोष्ट." ही माहिती ते भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, रस्ता विचारणाऱ्याला देत. आगगाडीनं जाताना कुठलाही पूल आला की तो त्यांचा असायचा. बाई सांगायची, लग्न होऊन पहिल्यांदा इकडं आले तेव्हा गंगेवरचा पूलसुद्धा ह्यांचाच म्हणाले. तिनं विचारलं, तो इंग्रजांनी बांधलाय ना? तर म्हणाले, "रंग कुणी दिला?"

स्कूटरचे दोन्ही आरसे त्यांनी आतल्या बाजूला वळवलेले, स्वतःकडं. एकदा सब्जीच्या ठेल्यावर जाऊन आदळले. सब्जीवाला म्हणाला, पीछे तो देखा करो साहब. साहेब टोमॅटोत उभे राहून म्हणाले, "पीछे वाले हमें देखें. हम पीछे वालों को क्यों देखें?"

आणि इथली रीत तर त्यांच्यासाठीच केलेली होती. लखनौचा माणूस दारात थांबून म्हणतो, पहले आप. दुसऱ्यानंही म्हणायचं असतं, नहीं, पहले आप. साहेब म्हणायचे, "हाँ, ठीक है." आणि आत जायचे. चाळीस वर्षं या गावात राहिले, दुसऱ्याला पहले आप म्हणाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीत एकाचा सत्कार करतात, शाल आणि नारळ देऊन. तो दर वर्षी साहेबांचाच. मंडळवाल्यांनी एक-दोनदा दुसरं नाव काढून बघितलं. साहेब त्या वर्षी सबंध आरतीभर खोकत राहिले, तेव्हा परत त्यांचंच नाव घेतलं. शाल ते घरून पिशवीतून आणायचे, अमीनाबादच्या बाजारातून स्वतः रंग निवडून आणलेली. नारळही घरचा, कारण मंडळाचा एकदा कुजका निघाला होता. त्यांच्याविषयी जे वाचून दाखवायचं तेही त्यांनीच लिहून दिलेलं असायचं. आणि सेक्रेटरी ते वाचायला लागला की साहेब खुर्चीत बसून रडायचे. खोटं नाही, खरे अश्रू. रुमाल भिजायचा. मी पाठीमागं प्रसादाच्या पातेल्याशी बसून बघायचे आणि मला हसू यायचं, पण थोडं असंही वाटायचं की माझ्याविषयी कुणी अशा चार ओळी वाचल्या तर मी रडेन का. मला रडू आलं नसतं. मला वाटलं असतं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगतायत.

तर ट्रकचा दिवस.

सकाळची वेळ, पहिली कढई नुकतीच उतरवलेली. कोपऱ्यावरून ट्रक आला आणि मागं भोंगा. अतिक्रमण हटाव. रामसजीवनचा पंप, पाण्याचा टब आणि बसायचा बाक उचलून वर टाकला, तो "भैया, भैया" म्हणतोय तोवर. मग माझ्याकडं आले. मी चाक धरून खाली बसले. भीक मागितली नाही, नुसती बसले. वंदनानं ठेल्याचा दांडा धरला. गुड्डी एक मोजा हातात घेऊन रडायला लागली. वंदनाच्या पगारात भागत नव्हतं, त्या ठेल्यावर तिघींचं पोट होतं, तिची फी होती, खोलीचं भाडं होतं. तो गेला असता तर परत दुसरा उभा करायचं माझं वय नव्हतं. त्यांनी माझा हात सोडवला, वाईट वागून नाही, सावकाश सोडवला, आणि ठेला उचलून ट्रकमध्ये चढवला. पोहे रस्त्यावर सांडले. गायीनं पोहे सोडून कोथिंबीर खाल्ली.

मी फाटकातून ओरडले, साहेब, ठेला नेतायत.

साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. आरशातूनच माझ्याशी बोलले. "नेऊ द्या हवालदारीणबाई. कायदा आहे. कायद्यापुढे सगळे सारखे."

तेवढ्यात खिडकीतून बाईचा आवाज आला, नेहमीसारखा हळू. "अहो, त्यांनी तुमचा फोटो उलटा टाकलाय. तोंड खाली करून. त्याच्यावर पंप ठेवलाय."

साहेब उठले. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण, पायात मात्र बूट. फाटक उघडून धावत आले आणि, हे सगळ्या गल्लीनं बघितलं आहे, त्या वयात ट्रकच्या मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले. पंप बाजूला केला, तारेवर कलंडलेला बोर्ड सरळ केला, टॉवेलानं पुसला आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. खाली उभं राहून दोन्ही साहेब एकदम दिसत होते. एक साबण लावलेले आणि एक हात जोडलेले.

"उतारो इसे," म्हणाले.

चष्मेवाला बाबू पुढं आला. त्यानं वर बघितलं, बोर्डाकडं बघितलं, परत वर बघितलं. "अरे साहब, आप? आप ही तो आए थे हमारे दफ़्तर. आप ही ने शिकायत की थी कि हमारी गली के सारे ठेले हटाओ."

सगळी गल्ली साहेबांकडं बघायला लागली. मीही. मग हळूहळू उलगडलं. त्या वर्षी गणपतीत सत्कार कशाबद्दल करायचा हेच उरलं नव्हतं. पूल झाले होते, वय झालं होतं, समाजसेवा दोनदा झाली होती. म्हणून साहेब कोट घालून थेट निगमच्या ऑफिसात गेले आणि गल्लीतल्या अतिक्रमणावर तासभर बोलून आले. जागरूक नागरिक म्हणून सत्कार होणार होता. माझा ठेला त्या गल्लीत येतो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

दुसरा माणूस असता तर शरमेनं खाली बसला असता. साहेबांना क्षणभरसुद्धा काही वाटलं नाही. बाबूकडं असं बघितलं, जसा काही तोच चुकला.

"हाँ, कहा था," म्हणाले. "ठेले हटाओ, कहा था. यह ठेला थोड़े ही है. यह तो हम हैं."

बाबूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. अखेर लखनौचा माणूस, आवाज न चढवता म्हणाला, "अच्छा साहब, उतार देंगे. पहले आप उतरिए."

साहेबांनी हात पाठीमागं बांधले. "नहीं," म्हणाले. "पहले यह."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढं जायला नकार दिला. बोर्ड आधी उतरला. बोर्ड ठेल्याला तारेनं आवळलेला होता, त्यामुळं ठेलाही उतरला. साहेब सगळ्यात शेवटी उतरले, रामसजीवनच्या खांद्यावर हात ठेवून. पण रामसजीवनचा पंप वरच राहिला. त्याच्यासाठी साहेब एक शब्द बोलले नाहीत. ट्रक गेला तसा रामसजीवन माझ्याकडं बघून म्हणाला, "अम्मा, हमारे पंप पे भी साहब का फोटो लगवा देतीं."

पुढच्या आठवड्यात त्यानं दुसरा पंप आणला आणि त्याच्यावर साहेबांचा फोटो चिकटवला. मग चहावाल्यानं लावला, मग सब्जीवाल्यानं, तोच टोमॅटोवाला. साहेब सगळ्यांना फोटो फुकट द्यायचे, खाली सही करून. गल्लीत जिकडं बघाल तिकडं साहेब हात जोडून उभे. ट्रक परत कधी आला नाही. मला वाटतं त्यांना वाटलं, इथं कुणीतरी मोठा राहतो. आणि गणपतीत साहेबांचा सत्कार झाला, गरिबांचे ठेले वाचवले म्हणून. कागद त्यांनीच लिहिला होता. वाचताना ते रडले.

हा झाला फायदा, मी गुड्डीला म्हणाले. ती म्हणाली, "आजी, नुकसान?"

नुकसान बाईकडं बघायचं.

बाईच्या छातीत दुखायचं. लई दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा साहेब म्हणाले, "मला तर काही होत नाही." मग एकदा मनावर घेऊन डॉक्टरकडं घेऊन गेले. दोघं परत आले तर बाईच्या हातात गोळ्यांचं पाकीट. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? बाई म्हणाली, "ह्यांचं ब्लडप्रेशर थोडं वाढलंय." सबंध वेळ साहेबच बोलले होते, आपल्या झोपेविषयी, आपल्या नाडीविषयी. डॉक्टरनं त्यांना तपासलं, त्यांना गोळ्या दिल्या आणि बाईला सांगितलं, इनका ख़याल रखिए.

बाई हे सांगताना हसत होती. एक हात छातीवर.

दुसऱ्या दिवशी मी ठेला लावला नाही. बाईला ऑटोत घातलं आणि वंदनाच्या इस्पितळात नेलं. वंदना वॉर्डात अडकलेली, आणि ही गर्दी. चिठ्ठीच्या खिडकीवरचा माणूस मान वर करीना. मी आयुष्यात कुणापुढं मोठ्यानं बोललेली नाही. सासरी आरशात बघितलं तरी सासू विचारायची, कुणाला दाखवायचंय? तशी मी. पण साहेब मला रोज एक करायला लावायचे. सकाळी पोह्यांचा पहिला घास खाऊन विचारायचे, "कसे झालेत?" मी म्हणायचे, बरे झालेत. ते प्लेट खाली ठेवायचे. "बरे? नीट सांगा. लखनौत असे पोहे कुणी करत नाही. म्हणा." मी म्हणेपर्यंत प्लेट उचलायचे नाहीत. माझ्यासाठी नाही करायचे ते, मार्गदर्शक तेच ना. पण रोज म्हणून म्हणून मला ते खरं वाटायला लागलं होतं. थोडं साहेब माझ्या अंगात आले होते म्हणा.

तर मी खिडकीशी पाठ ताठ केली, हनुवटी वर केली आणि साहेबांच्या आवाजात म्हणाले, "हमको पहचानते नहीं?"

त्या माणसानं मान वर केली. माझं लुगडं बघितलं, फाटकी चप्पल बघितली, आणि घाबरून म्हणाला, "जी, किसको दिखाना है?"

बाई इतकी हसली की मला वाटलं इथंच जाते. डॉक्टरनं तपासलं, उशीर झाला आहे म्हणाला, पण औषधं दिली. त्यावर बाईनं दोन वर्षं काढली. मधेच कधी खिडकीतून मला बारीक आवाजात म्हणायची, "हमको पहचानते नहीं?" आणि आम्ही दोघी हसायचो.

ती गेली तेव्हा व्हरांड्यात सगळे जमले. साहेब उभे राहून बोलले. हे दुःख मी कसं सोसतोय, माझ्याजागी दुसरा असता तर कोसळला असता, एवढंच बोलले, पण लई वेळ बोलले. बाईचं नाव एकदाही आलं नाही. त्यांचा मुलगा बंगलोरहून आला होता. तो मधेच उठून माझ्या ठेल्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या लग्नाच्या फोटोत मधे साहेबच उभे आहेत, नवरदेव शोधावा लागतो. तो दहावीत पहिला आला तेव्हा पेढ्यांच्या डब्यावर साहेबांचं नाव होतं. मला म्हणाला, "काकू, मी इथं का राहत नाही ते कळलं ना तुम्हाला?" मी म्हणाले, चहा घे.

बाई गेल्यावर साहेब फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. आधी ते बोलायचे आणि आतून ती हो म्हणायची. आता हो कुणी म्हणेना. घरातले आरसे होते तेवढेच होते, पण दाढी वाढायला लागली. बोर्ड उन्हानं विटला होता, तो दर दिवाळीला ते नवा करायचे. त्या दिवाळीला म्हणाले, "फोटो बदलू या. नैनीतालचा घेऊ. त्यात मी सर्वात चांगला आलोय."

बोर्ड करणारा पोऱ्या फोटो बघून म्हणाला, "साहब, पीछे आंटी आधी आ रही हैं. काट दें?"

साहेबांनी फोटो हातात घेतला. किती वेळ बघत बसले. मी पोहे हलवत होते, माझं सगळं लक्ष तिकडंच. मग म्हणाले, "नको. तिला काढलं तर माझा खांदा जातो."

खांद्यासाठी म्हणाले की कशासाठी, मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही.

साहेब गेले त्याच्या पुढच्या थंडीत. मुलगा आला, घर विकायला काढलं. घेणारा म्हणाला, घर पसंत आहे, पण फाटकासमोर ठेला नको. मुलगा मला सांगायला आला. चांगल्या शब्दांत सांगत होता, काकू, तुमचं काहीतरी बघतो, दुसरीकडं जागा करतो. मी म्हणाले, बरं. घर त्याचं, फाटक त्याचं. सांगायला साहेब नव्हते आणि खिडकीत बाई नव्हती. मी कढई उतरवली आणि बोर्डाच्या तारा सोडायला लागले, म्हणाले, वडलांचा फोटो तू घेऊन जा.

त्यानं तोवर त्या बोर्डाकडं कधी नीट बघितलं नसावं. बापाचं तोंड दिसलं की तो नजर काढून घ्यायचा. आता हातात आला म्हणून बघितलं.

"यात आई आहे," म्हणाला.

मी म्हणाले, हो, निम्मी आहे.

"आमच्याकडे तिचा एकटीचा एकही फोटो नाही काकू." आणि तो बोर्ड धरून तसाच उभा राहिला. घेणारा माणूस गाडीतून उतरून आला, घाईत होता, म्हणाला, भाईसाहब, हो गया? हटवा दिया?

मुलानं बोर्ड परत ठेल्यावर ठेवला. तारा स्वतः आवळल्या. मग वळून त्या माणसाला म्हणाला, "यह नहीं हटेगा. घर लेना हो तो लीजिए. इसमें हमारी माँ हैं." हनुवटी वर, पाठ ताठ, हात पाठीमागं बांधलेले. रामसजीवननं माझ्याकडं बघितलं आणि मी त्याच्याकडं.

घर विकलं. ठेला आहे.

गुड्डी म्हणते, अब ख़त्म करो आजी, मुझे सर को देना है. तर वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. तुम्ही कधी जानकीपुरमकडं आलात, तर कडुनिंबाखाली माझा ठेला आहे. पोहे खा, नाहीतर नका खाऊ. लखनौत असे पोहे कुणी करत नाही, ती माहिती म्हणून सांगते. पण बोर्डाकडं बघाल तेव्हा साहेबांचा चेहरा मोठा आहे, नजर तिकडंच जाईल. तिकडं लगेच जाऊ नका. आधी त्यांच्या खांद्यामागं बघा, एक डोळा आणि एक कुडी दिसेल. तिच्याकडं बघून घ्या, मग साहेबांकडं बघा. साहेब थांबतील. सवय नाही त्यांना, पण थांबतील.